पहाडाचा नकाशा

"ताई, तुम्ही खालून धरा, वरचं वजन मी घेतो," देवानंद म्हणाला, आणि आम्ही दोघं ते मशीन घेऊन कॉलेजचा जिना उतरायला लागलो.

मशीन म्हणजे एक काळा, चपटा लोखंडी डबा. जुन्या चादरीत गुंडाळलेला. पुढे गजभिये सर चालले होते. खांद्यावर वायरींचं भेंडोळं, आणि प्रत्येक वळणावर मागे वळून "हळू, हळू" चाललेलं. सर त्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि त्यांच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ते मशीन कित्येक वर्षं अखंड चालू होतं. सर निवृत्त झाले, नवे प्राचार्य आले, त्यांना खोली हवी झाली. निरोपावर निरोप आले आणि शेवटी खोलीला नवं कुलूप लागणार असं कळलं.

"न्यायचं कुठे?" खाली पोर्चमध्ये आल्यावर मी विचारलं.

ज्या इमारतीत आयुष्य गेलं, तिच्याकडे पाठ करून सर रिक्षा शोधत होते.

"सध्या तुमच्याकडे ठेवू," देवानंद मला म्हणाला. "तुमच्याकडे इन्व्हर्टर तरी आहे."

असं ते मशीन माझ्या बैठकीच्या खोलीत आलं.

मी तेव्हा चंद्रपूरला एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवत होते आणि आमच्या 'पायवाट' गटाची सचिव होते. गट गजभिये सरांनी सुरू केलेला. आमच्याकडची माणसं नुसतं 'पहाड' म्हणाली की समजायचं जिवतीकडचा डोंगराळ मुलूख. तिथे कोलाम आदिवासींचे गुडे आहेत, दहा-वीस घरांच्या वस्त्या. आमच्या हाती आलेल्या नकाशांत त्यातले निम्मे नव्हतेच, होते ते भलत्याच ठिकाणी. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलींवरून जायचं, वाट चालून पाहायची, नाले, विहिरी, शाळा, पूल टिपायचे आणि घरी येऊन ते सगळं संगणकावर चढवायचं, असं आम्ही वर्षानुवर्षं करत आलो होतो. कोणी बँकेतलं, कोणी शाळेतलं, कोणी दुकानदार. पगार कोणालाच नाही.

जमवलेली माहिती मोकळी होती. ज्याला हवी त्याने घ्यावी, आमची परवानगी विचारू नये, तिच्यावर धंदा करायचा तर खुशाल करावा, हा सरांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. पण माहिती म्हणजे नुसते आकडे. मोबाईलच्या पडद्यावर रस्ता दिसायचा तर कुठेतरी एक मशीन सतत चालू लागतं. जो जिथला नकाशा उघडेल त्याला तिथला तुकडा ते काढून देतं. ते काम हा काळा डबा करायचा. पहाडावर काम करणाऱ्या एका आरोग्य संस्थेच्या दोन ॲम्ब्युलन्स त्याच्याच भरवशावर फिरायच्या.

देवानंद भोयर सरांचा विद्यार्थी. गटात आला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं होतं. पुढे त्याने त्याच मोकळ्या माहितीवर आपला धंदा उभा केला. बसस्टँडजवळ स्पेअर पार्टच्या दुकानावर दोन खोल्या, स्वतःची दोन मशीनं, तीन माणसं कामाला. शाळेच्या बस, बियाण्याची कंपनी, गॅस एजन्सी यांना तो नकाशा पुरवायचा. बंद पडला तर धावत जाऊन दुरुस्त करायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा. त्यात गैर काहीच नव्हतं. उलट आमच्या नकाशात सगळ्यात जास्त भर त्याच्याच माणसांची असायची. त्याची बायको प्रणाली हिशेब आणि फोन सांभाळायची. ती आमच्या बैठकांना कधी आली नाही, पण दर बैठकीला तिच्या हातचा चिवडा मात्र यायचा.

मशीन घरी आलं आणि माझे हाल सुरू झाले. वीज गेली की इन्व्हर्टर तासाभरात मान टाकायचा. मी वर्गावर असायची आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मडावी फोन करायचा, "म्याडम, नकाशा पांढरा दिसून राहिला." मी दोन वर्गांच्या मध्ये स्कूटीवरून घरी जाऊन बटण दाबून यायची. त्यातच मशीन फार संथ झालं. देवानंदने एका संध्याकाळी येऊन पाहिलं, तेव्हा कारण कळलं. एक मोठी पार्सल कंपनी आमच्याच मशीनवरून नकाशा ओढत होती. जिल्हाभर पोरं घरोघरी सामान पोचवणार, प्रत्येकाच्या मोबाईलवर आमचा डबा.

"बंद कर त्यांना," मी म्हटलं.

"बंद करता येते. पण सरांना विचारून करू. कंपनीने त्यांना मेल पाठवला आहे म्हणे."

मेल खरंच आलेला होता. दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी आम्ही तिघं बसलो आणि सरांनी कंपनीच्या मॅनेजरला फोन लावून तो मोठ्या आवाजावर ठेवला. मॅनेजर पुण्याचे, बोलायला अतिशय गोड.

"सर, तुमचा नकाशा आमच्या मुलांना फार आवडलाय. आम्हाला फुकट नको. तुम्ही संस्था म्हणून रीतसर सेवा द्या, आम्ही वर्षाचे पैसे देऊ. तुमचं मशीन चांगल्या जागी ठेवा. फक्त ते कधी बंद पडायला नको."

"हेच काम आमचा एक सदस्य व्यवसाय म्हणून करतो," मी मध्येच म्हणाले. "देवानंद भोयर. इथेच बसलाय. त्याच्याशी करार करा, तो गटाला त्यातला वाटा देईल."

"मॅडम, त्यांचं ऑफिस आमच्या माणसाने पाहिलंय. काम चांगलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण दोन खोल्यांच्या दुकानाशी करार आमच्याकडे मंजूर होत नाही. शिवाय ज्यांनी नकाशा केला त्यांच्याकडूनच घेतो, असं आम्हाला सांगता आलं पाहिजे."

देवानंद खाली मान घालून चहातली साय बोटाने बाजूला करत होता. फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "रविवारी बैठक बोलव, कुंदा. हा निर्णय मी एकट्याने घ्यायचा नाही."

बैठक वाचनालयाच्या हॉलमध्ये झाली. एरवी दहा-बारा जण जमायचे, त्या दिवशी हॉल भरला होता. सर बोलायला उभे राहिले ते नेहमीसारखेच, खिशात एक हात घालून.

"आपण नकाशा केला. पण तो कोणाला दिसलाच नाही तर केला काय आणि न केला काय? मशीन कुंदाच्या घरी टीव्हीशेजारी पडलंय. वर्गणीत भाड्याची जागा परवडत नाही. कंपनी पैसे देते आहे. त्यात ॲम्ब्युलन्सही चालतील, शाळाही चालतील. मला यात पाप दिसत नाही."

मी उभी राहिले. "सर, आपण माहिती गोळा करायला जमलो. फोन उचलायला नाही. पैसे घेतले की ते आपले गिऱ्हाईक झाले. मंगळवारी दुपारी नकाशा बंद पडला तर कोण धावणार? मी वर्गावर, शेंडे बँकेत, तुम्ही नागपूरला मुलीकडे. आणि एक कंपनी आली की दुसरी येईल. जे काम देवानंद करून पोट भरतो, तेच आपण त्याच्या शेजारी दुकान मांडून करणार आहोत. हे बरं दिसतं का?"

शेंडे आमचे खजिनदार. सज्जन माणूस, तोलून बोलणारा. ते म्हणाले, "देवानंदभाऊ आपलेच आहेत. पण ताई, गटाचं काम गटातल्याच एका माणसाच्या दुकानातून दिलं, तर उद्या लोक काय म्हणतील? आणि गटाने एकाच्या धंद्यासाठी हात बांधून बसायचं, तर नियमच बदलला न? माहिती सगळ्यांची म्हणतो आपण. मग गटाचीही आहेच की."

मी खाली बसले.

बराच वेळ उलटसुलट चाललं. मागच्या बाकांवरून कोणी देवानंदच्या बाजूने बोललं, कोणी कंपनीच्या नावाने खडे फोडले. शेवटी सरांनी देवानंदलाच विचारलं, आणि ज्या मायेने विचारलं ती मला अजून आठवते.

"देवानंद, तू सांग बाबा. कंपनीला आपण नाही म्हणू. मग पहाडावरच्या ॲम्ब्युलन्सचा नकाशा तू तुझ्या मशीनवरून चालवशील का? फुकट, कायमचा?"

सगळा हॉल त्याच्याकडे पाहत होता. 'हो' म्हणाला असता तर मतं फिरली असती. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण रे हो, पुढचं पुढे पाहू.

तो उभा राहिला. "काही महिने चालवीन, सर. कायमचं नाही जमणार. माझं मशीन माझ्या गिऱ्हाईकांच्या पैशावर चालते. एखादं गिऱ्हाईक तुटलं तर मला आधी फुकटचंच बंद करावं लागेल. खोटं काऊन बोलू?"

"मग तुझं मत काय?"

"मशीन चालू राहिलं पाहिजे," तो म्हणाला आणि बसला.

हात वर झाले. ठराव झाला. माझा हात खालीच राहिला, पण त्याने काही बदललं नाही. देवानंदचा हात वर होता की नाही, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

आता ही सेवा उभी करायची कोणी? कामाची माहिती असलेला माणूस एकच होता. सरांना ते त्याच्या तोंडावर म्हणवेना, शेंडेंना म्हणवेना. तोच आपणहून माझ्या घरी आला आणि चादर काढून मशीनसमोर मांडी घालून बसला.

"तू कशाला करतोस हे?" मी विचारलं.

"दुसऱ्यानं केलं तर बिघडवून ठेवेल, ताई. मग मडावीभाऊचा फोन तुम्हालाच येईल."

नागपूरला भाड्याच्या जागेत नवं मशीन लागलं, जुना डबा भंगारात गेला. देवानंदने गटातल्या दोघांना शिकवलं, काय बंद पडलं तर काय करायचं ते कागदावर लिहून दिलं. आमच्या संकेतस्थळावर पाटी लागली, 'पायवाट आता संस्था आणि उद्योगांना नकाशासेवा देते.' ती पाटीही त्यानेच चढवली, कारण आमच्यातल्या कोणाला ती चढवता येत नव्हती.

पुढे जे व्हायचं तेच झालं. बियाण्याची कंपनी पहिली गेली. त्यांच्या माणसाने देवानंदला फोन करून साधेपणाने सांगितलं, जिथे बनतं तिथूनच मिळत असेल तर मध्ये तुम्ही कशाला? मग शाळेच्या बसवाले आमच्याकडे आले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही देवानंदकडेच राहा. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे स्वस्त आहे, आणि नाव तुमचंच आहे न." शेंडेंनी बैठकीत सुचवलं की देवानंदची गिऱ्हाइकं घ्यायचीच नाहीत असं ठरवू. सर म्हणाले, मोकळ्या गटाने कोणाला दार बंद कसं करायचं? दोघंही मनापासून बोलत होते आणि दोघांचेही चेहरे उतरलेले होते.

एका दुपारी प्रणाली माझ्या घरी आली. पहिल्यांदाच. चप्पल बाहेर काढून आत आली, पण खुर्चीवर बसली नाही. मशीनची मोकळी झालेली जागा तिने पाहिली.

"इथेच होतं का ते?"

"हो."

"तुम्ही आमच्या बाजूने बोलल्या म्हणे. यांनी सांगितलं."

"बोलले गं. काही उपयोग झाला नाही."

"ताई, मी भांडायला नाही आली. भांडू तरी कोणाशी? सर देवमाणूस आहेत. शेंडेकाका आमच्या लग्नात पंगतीला वाढत होते. कामावरच्या तिन्ही पोरांना उद्यापासून येऊ नका म्हणून मीच सांगितलं, यांच्या तोंडून निघेना." तिचा आवाज तोवर अगदी सरळ होता. "कोणी वाईट वागलं असतं न, तर बरं झालं असतं. शिव्या तरी देता आल्या असत्या."

मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. पेला घेऊन आले तोवर ती चप्पल घालून जिन्यात उतरलीही होती.

दोन खोल्यांना कुलूप लागलं. देवानंदला पुण्याला नोकरी लागल्याचं कळलं. कुठे, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चांगली नोकरी आहे, एवढ्यावर मी समाधान मानलं.

इकडे आमची सेवा लंगडत चालू होती. ज्या दोघांना शिकवलं होतं, त्यातल्या एकाची बदली गोंदियाला झाली. दुसऱ्याचं लग्न ठरलं. मशीन बंद पडलं की कंपनीचा माणूस मला फोन करायचा आणि त्याच्या आवाजातला गोडवा दर फोनला कमी होत होता. मी अकरावीला खारे वारे, मतलई वारे शिकवत असताना टेबलावरचा फोन थरथरायचा आणि पोरं हसायची. सर बिचारे या वयात पुस्तकं उघडून शिकायला बसले. बायकोला घेऊन दवाखान्यात गेले तरी लॅपटॉप सोबत. एकदा ऐन दिवाळीच्या तोंडावर, पार्सलांची झुंबड असताना, सेवा दिवसभर बंद राहिली. सर म्हणाले, "कुंदा, मला यातलं काही कळत नाहीये गं." त्या माणसाला मी असं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं.

कंपनीचा पुढचा फोन आला तेव्हा मी शिव्या ऐकायच्या तयारीनेच उचलला.

"नमस्कार. पायवाटच्या सचिव का?"

आवाज मी लगेच ओळखला. "देवानंद?"

"हो, ताई. मी इथेच आहे. मागच्या तीन महिन्यांपासून."

"पार्सल कंपनीत?"

"बोलावलं त्यांनी. नकाशाचं काम येणारा माणूस पाहिजे होता. घरी बसून होतो, ताई. मी येतो तिकडे. हे फोनवर बोलण्यासारखं नाही."

तो आला. सर, शेंडे आणि मी, आम्ही सरांच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. देवानंदच्या अंगात कंपनीचं नाव असलेला शर्ट होता. तो त्याने लपवला नाही आणि मिरवलाही नाही. सरांच्या पाया पडला. बसला.

"करार पुढे वाढवणार नाहीत," तो म्हणाला.

सर म्हणाले, "आम्ही कमी पडलो, देवा. मान्य आहे."

"तुम्ही कमी पडले म्हणून नाही, सर. साहेबांनी मला विचारलं, हे काम आपल्याकडेच होऊ शकते का? या लोकांना पैसे द्यायची गरज आहे का?" तो अंगणातल्या जास्वंदीकडे पाहत होता. "मी म्हटलं, होऊ शकते. माहिती मोकळी आहे, कोणीही घेऊ शकते. मशीन आपलं, माणसं आपली. दोन माणसांत होते."

शेंडेंनी चष्मा काढून पुसला.

"खोटं सांगता आलं असतं," देवानंद म्हणाला. "पण काय सांगणार होतो? तुम्हीच नियम केला होता, सर. मी त्याच नियमावर जगलो."

सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. "दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच." आणि मग आत वळून हाक मारली, "अगं, देवानंद आलाय. जेवून जाईल."

तो जेवला नाही. जाताना फाटकाशी मला म्हणाला, "ॲम्ब्युलन्सचं मी पाहतो, ताई. आमच्या मशीनवरून देता येते का, विचारतो." त्याने विचारलं, एकदा नाही, बऱ्याचदा. वरून उत्तर आलं की दवाखान्याचं काम अंगावर घेतलं आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची? तेही खोटं नव्हतं. इकडे करार संपला, सेवेला कंटाळून बाकीची गिऱ्हाइकंही गेली होती, नागपूरच्या जागेचं भाडं निघेना आणि तिथलं मशीन बंद झालं. मग त्याने स्वतःच्या पगारातून एक लहान मशीन भाड्याने घेऊन काही महिने चालवलं. त्याच सुमारास प्रणालीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला पूर्ण विश्रांती सांगितली होती. पुण्याच्या भाड्याच्या घरात त्याला ते पेलेना. बंद करण्याआधी त्याने मला कळवलं, तेव्हा तो रडत होता की सर्दी झाली होती, ते मला समजलं नाही. शेंडेंनी वर्गणी मागायला दारोदार फिरून पाहिलं. ज्यांनी पूर्वी हसून दिली होती, ते म्हणाले, तुम्हाला तर आता कंपन्या पैसे देतात न?

नकाशा मात्र होता. माहिती सुरक्षित होती, तिच्या प्रती कितीतरी ठिकाणी होत्या. रविवारी आम्ही उरलेले चार-पाच जण अजूनही पहाडावर जायचो आणि नवं काही दिसलं की टिपून आणायचो. पार्सलवाल्या पोरांच्या मोबाईलवर ते दिसायचं. ॲम्ब्युलन्सच्या मोबाईलवर दिसत नव्हतं. त्यांच्याकडे फोनमध्ये उतरवून ठेवलेला जुना नकाशा होता. त्यांना नवा उतरवून द्यायला मी एकदा गेलेही, पण अर्ध्यावर त्यांचे फोनच साथ देईनात आणि ते काम जमणारा माणूस पुण्यात होता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला मडावीचा फोन आला. मी स्टाफरूममध्ये होते.

"म्याडम, काटागुड्याले चाललो. बाई अडली आहे. सोबत सिस्टर आहे. जुन्या नकाशात नाल्यावरून रस्ता दाखवते. जाऊ काय?"

नाल्यावरचा तो पूल त्या वर्षी पहिल्याच पुरात वाहून गेला होता. "नको, नको! पूल नाहीये तिथे. थांबा, मी लॅपटॉप उघडते." माझ्याकडची प्रत उघडली. "शाळा मागे पडली का?"

"पडली."

"पुढे मोहाचं मोठं झाड येईल. तिथे दोन फाटे आहेत. उजवीकडचा रुंद आहे, तो पुलाकडे जातो. तो घेऊ नका. डावीकडचा..."

फोन तुटला.

मी परत लावला. पहाडावर रेंज ही अशीच, एका वळणावर असते आणि पुढच्यावर नसते. मी लावत राहिले. सिस्टरचा लावला. संस्थेच्या कार्यालयात लावला, त्यांच्याकडूनही लागेना. तासाची घंटा झाली, माझा वर्ग होता, मी गेले नाही. सहकारी विचारत होते, काय झालं, आणि मला ते धड सांगता येत नव्हतं. माझ्यासमोर टेबलावर पहाड उघडा होता. मोहाचं झाड, दोन फाटे, डावीकडची बैलगाडीची वाट, वळसा घालून थेट गुड्याच्या मागच्या अंगाला निघणारी. बोट ठेवून दाखवता येत होतं. दाखवायचं कोणाला?

दुपार टळल्यावर मडावीचा फोन आला.

"काय झालं, मडावीभाऊ?"

"तुमचा आवाज गेला न, म्याडम. 'उजवीकडचा रुंद' एवढंच आलं कानावर. जुन्या नकाशात फाटेच नाही, मले वाटलं, हाच पूल टाळून जाते. पुलापर्यंत गेलो. तिथून गाडी वळवाले जागा नव्हती, मागं मागं आणली. मग डावीकडून गेलो. पोचलो. बाई ठीक आहे. गडचांदूरच्या दवाखान्यात आणली. लेकरू नाही राहिलं."

तोच पुढे म्हणाला, "तुम्ही मनाले लावून घेऊ नका. सिस्टर म्हणते, लवकर पोचलो असतो तरी काय झालं असतं, सांगता येत नाही."

संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. का लावला, सांगता येणार नाही. सरांना सांगायची हिंमत नव्हती, आणि दुसऱ्या कोणाला यातलं समजलं नसतं. मी देवानंदला सगळं सांगितलं. मागे एक लहान मूल रडत होतं आणि प्रणाली त्याला थोपटत काहीतरी गुणगुणत होती. मग तो दुसऱ्या खोलीत गेला असावा, कारण ते आवाज बंद झाले.

"ताई," त्याने विचारलं, "पूल तुटला हे नकाशात टाकलेलं होतं न?"

"होतं," मी म्हटलं. "दोन आठवड्यांपूर्वी मीच टाकलं होतं."

"आणि डावीकडची वाट?"

"तीही होती."

"बरोबर होती?"

"अगदी बरोबर होती, देवानंद."